एल-वन नेमका ठरतो कधी?

'सर्वात कमी दराची निविदा मंजूर' असं वाक्य बातमीत आलं की आपण पुढच्या बातमीकडे वळतो. नियम पाळला, सरकारचे पैसे वाचले, विषय संपला. दोन पावसाळ्यांनी तोच रस्ता उखडला की मात्र आपण म्हणतो, खाल्ले असतील पैसे. कोणी खाल्ले नसतील असं मी म्हणत नाही. पण अशा कामांच्या फायली उघडून पाहिल्या तर बहुतेक वेळा सगळे कागद जागच्या जागी असतात. जाहिरात दिलेली, लिफाफे वेळेवर उघडलेले, कमी दरवाल्यालाच काम दिलेलं. लेखापरीक्षणाला बोट ठेवायला जागा नाही. नियम पाळूनही खरेदी फसते, ती कशी, हे या लेखात बघू.

आधी नियम कुठले ते. केंद्र सरकारची खरेदी 'सामान्य वित्तीय नियम २०१७' प्रमाणे चालते. सगळे त्याला जीएफआर म्हणतात. महाराष्ट्रात कार्यालयीन खरेदीसाठी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची नियमपुस्तिका आहे आणि बांधकामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची नियमावली, शिवाय अधूनमधून निघणारे जीआर. यातलं काहीही विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा नाही. या सरकारने स्वतःच स्वतःला दिलेल्या सूचना आहेत. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा केला. केंद्रात २०१२ साली सार्वजनिक खरेदीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, २०१४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही बारगळलं.

कामाचा प्रवास साधारण असा. खात्याचा अभियंता दरसूची घेऊन अंदाजपत्रक बांधतो, वरिष्ठ त्याला मान्यता देतात, निविदा सूचना निघते. जीएफआर म्हणतो की निविदा भरायला एरवी किमान तीन आठवडे द्यावेत. ठेकेदार बयाणा रक्कम भरून दोन लिफाफे टाकतो. आता ते ऑनलाइन असतात, पण शब्द लिफाफाच राहिला आहे. पहिल्यात पात्रतेचे कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो पास होतो त्याचाच दुसरा उघडतो, आणि त्यात ज्याचा दर सर्वात कमी तो 'एल-वन'. त्याच्या वरचा एल-टू, त्याच्या वरचा एल-थ्री. काम एल-वनला. दर उघडल्यावर वाटाघाटी शक्यतो करूच नयेत, कराव्याच लागल्या तर फक्त एल-वनशी, हे केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ च्या परिपत्रकात बजावलेलं आहे. नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर एल-टूला आत बोलावून 'थोडा कमी कर, तुला देतो' हा धंदा राजरोस चालला असता.

या सगळ्या यंत्रणेची नजर एका दिवसावर असते, दुसरा लिफाफा उघडतो त्या दिवसावर. त्या दिवशी फसवणूक होऊ नये म्हणून डिजिटल सही आहे, पोर्टल आहे, समिती आहे. माझं म्हणणं असं की तो दिवस आता बऱ्यापैकी स्वच्छ झाला आहे, आणि म्हणूनच खेळ तिथून हलला आहे. निम्मा त्याच्या आधी, अटी लिहिताना. निम्मा नंतर, काम मोजताना.

आधीचा खेळ

अट हा शब्द ऐकला की लबाडी आठवते, पण अट लागतेच. ज्याने कधी पूल बांधला नाही त्याला कमी दराच्या जोरावर पूल द्यायचा का? म्हणून अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री यांच्या अटी घालतात. आता डांबरी रस्त्याच्या निविदेतली एक नेहमीची अट बघा: ठेकेदाराचा हॉट मिक्स प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत असावा. कारण खरं आहे. डांबराचं मिश्रण गरम असतानाच पसरून दाबावं लागतं, लांबून येईपर्यंत ते थंड झालं तर रस्ता टिकत नाही. पण त्या टापूत प्लांट कोणाकोणाचे आहेत हे तालुक्यातल्या प्रत्येक ठेकेदाराला तोंडपाठ असतं. किलोमीटरचा आकडा थोडा खाली आणला की पाच जणांतले दोन उरतात, आणखी खाली आणला की एक. कागदावर कारण तेच राहतं, तांत्रिक, बिनतोड. खोटी अट पकडता येते. खऱ्या अटीचा आकडा कोणासाठी बेतला, हे सिद्ध करणं महाकठीण.

वस्तूंच्या खरेदीत हीच गोष्ट तपशिलातून होते. ब्रँडचं नाव लिहायला बंदी आहे, मग एखाद्याच कंपनीच्या माहितीपत्रकातली मापं, वजन, क्षमता जशीच्या तशी उतरवून काढतात. अमुक इतका स्क्रीन, तमुक इतकं वजन. नाव न घेता नाव घेतलेलं असतं. निविदापूर्व बैठकीत कोणी हरकत घेतली तर शुद्धीपत्रक काढता येतं, आणि शुद्धीपत्रक हे दुधारी हत्यार आहे. त्यात अट सैल करता येते, तशी शेवटच्या दोन दिवसांत घट्टही.

अटींपेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो तीन निविदांचा दंडक. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या की मुदतवाढ द्यायची किंवा फेरनिविदा काढायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. हेतू हा की स्पर्धा व्हावी. प्रत्यक्षात काय होतं? ज्याला काम हवं आहे तो स्वतःच आणखी दोन लिफाफ्यांची सोय करतो. ठेकेदारांच्या बोलीत त्याला 'सपोर्टिंग' म्हणतात. दोन ओळखीच्या फर्म थोडे चढे दर भरतात, कोरम पूर्ण होतो, फाइलवर स्पर्धा दिसते. पुढच्या कामात पाळी बदलते. स्पर्धा नसताना ती आहे असं दाखवणारा कागद नियमानेच मागून घेतला म्हणायचा. जीएफआर या बाबतीत जरा समजूतदार आहे. स्पर्धा झाली की नाही हे केवळ निविदाकारांच्या संख्येवरून ठरवू नये, जाहिरात नीट दिली होती का, अटी वाजवी होत्या का ते बघावं, असं त्यात म्हटलं आहे. पण एकच निविदा स्वीकारायची म्हणजे सही करणाऱ्याची छाती धडधडणार. त्यापेक्षा तीन बऱ्या.

पुण्याचं उदाहरण जगजाहीर आहे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये काही कंपन्यांनी संगनमत करून बनावट स्पर्धक उभे केले, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढला आणि दंड ठोठावला. लक्षात घ्या, इथे ऑनलाइन प्रक्रिया होती. संगणकाला लिफाफे किती आले ते कळतं. ते एकाच टेबलावर भरले गेले का, हे त्याला कोणीतरी विचारायला सांगावं लागतं.

अशी साखळी पकडणं सोपं नसतं, आणि पकडली तरी कोर्टात टिकेलच असं नाही. साठवलेल्या धान्याला कीड लागू नये म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. अन्न महामंडळाने २००९ मध्ये त्यांची निविदा काढली, तेव्हा उत्पादक कंपन्यांनी भरलेला दर तंतोतंत सारखा निघाला: किलोला ३८८ रुपये. कंपन्यांचा उत्पादनखर्च वेगळा, कारखाने वेगवेगळ्या ठिकाणी, आणि दर मात्र रुपयाला रुपया जुळलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे संगनमतच आहे, यावर शिक्कामोर्तब केलं. दंड मात्र कंपनीच्या एकूण उलाढालीवर न धरता त्या उत्पादनाच्या उलाढालीवर धरावा, असं ठरवलं. पुढच्याच वर्षी गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पर्धा आयोगाचा आदेश रद्द केला. तिथेही दर सारखे होते, पण घेणाऱ्या तेल कंपन्याच जेमतेम तीन, मागचे दर सगळ्यांना माहीत, मग दर जुळणं साहजिक आहे, असा युक्तिवाद टिकला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळतं, सारखा दर हा फक्त संशयाचा धागा. पुढचं सगळं शोधून काढावं लागतं, आणि तालुक्याच्या पातळीवर ते शोधायला कोणी बसलेलं नाही.

नंतरचा खेळ

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग, कारण बातम्यांत तो जवळपास येतच नाही. काम मिळाल्यानंतर दर वाढवता येत नाही, हे खरं. पण बिल म्हणजे दर गुणिले परिमाण. दर कुलूपबंद असतो, परिमाण नसतं.

समजायला काल्पनिक आकडे घेऊ. एका खोदकामाच्या अंदाजपत्रकात दोनच बाबी आहेत: माती १००० घनमीटर आणि कठीण खडक १०० घनमीटर. पहिला ठेकेदार मातीला १०० रुपये आणि खडकाला १५०० रुपये दर भरतो. एकूण झाले अडीच लाख. दुसरा सरळमार्गी, मातीला १९० आणि खडकाला ९०० भरतो. एकूण दोन लाख ऐंशी हजार. पहिला एल-वन, सरकारचे तीस हजार वाचले, काम त्याला. खोदायला लागल्यावर दिसतं की माती ५०० घनमीटरच आहे आणि खडक ६००. पहिल्याचं बिल होतं साडेनऊ लाख. दुसऱ्याला काम दिलं असतं तर तेच खोदकाम सहा लाख पस्तीस हजारांत झालं असतं. खाली खडक किती आहे हे पहिल्याला आधीच कसं कळलं? कधी तो त्या भागात वीस वर्षं खोदतो आहे म्हणून. कधी अंदाजपत्रक करणाऱ्याने सांगितलं म्हणून. फाइलमध्ये दोन्ही सारखंच दिसतं.

या युक्तीवर उतारा नाही असं नाही. महाराष्ट्रात ज्याला 'बी-टू' निविदा म्हणतात तिच्यात ठेकेदार प्रत्येक बाबीला वेगळा दर भरतो, म्हणून वरची युक्ती तिथे चालते. 'बी-वन'मध्ये त्याला सगळ्या अंदाजपत्रकावर मिळून एकच टक्का भरता येतो, इतके टक्के वर किंवा इतके टक्के 'बिलो', म्हणजे खाली. म्हणजे एक दर पाडायचा आणि दुसरा चढवायचा हे जमत नाही. शिवाय परिमाण ठरावीक मर्यादेपलीकडे वाढलं तर वाढीव भागाला दरसूचीवर आधारित दर लावायची तरतूद करारांत असते. चांगली आहे. पण मग अंदाजपत्रकच फुगवलेलं असलं तर? किंवा अंदाजपत्रकात नसलेलीच बाब मध्येच उगवली तर? त्याला 'एक्स्ट्रा आयटम' म्हणतात. त्याचा दर निविदेत नसतो, तो काम चालू असताना दोघांनी बसून ठरवायचा असतो. ज्या घासाघिशीला निविदेच्या वेळी दक्षता आयोगाने दार बंद केलं, ती मागच्या दाराने आली, आणि आता समोर स्पर्धक एकही नाही.

मोजमाप पुस्तिकेचा, म्हणजे एमबीचा, उल्लेख इथे करायलाच हवा. काम किती झालं हे कनिष्ठ अभियंता तिच्यात लिहितो, वरचे तपासतात, त्यावर बिल निघतं. एवढ्या पोर्टलांच्या, डिजिटल सह्यांच्या पसाऱ्यात शेवटी पैसे किती द्यायचे ते ठरतं टेपने घेतलेल्या मापावर. जमिनीत गाडलेल्या थराची जाडी नंतर कोण उकरून बघणार? म्हणूनच कोअर, म्हणजे रस्त्यात भोक पाडून काढलेला नमुना, तपासण्याची तरतूद असते, आणि म्हणूनच कोअर कुठे काढायचा हे कोण ठरवतं याला महत्त्व आहे.

वीस-पंचवीस टक्के बिलो जाऊन काम घेणाऱ्याला हे कसं परवडतं, असं लोक विचारतात. कधी अंदाजपत्रकच सैल असतं, कधी त्याची यंत्रं रिकामी उभी असतात आणि नुसता हप्ता निघाला तरी पुरे असतं. कधी पुढच्या मोठ्या निविदेसाठी उलाढाल दाखवायची असते. आणि कधी त्याला माहीत असतं की घाटा कुठल्या थरातून भरून काढायचा. सरकारलाही याची कल्पना आहे. म्हणून दर अंदाजपत्रकाच्या बराच खाली गेला की महाराष्ट्रात जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, जितका दर खाली तितकी ठेव मोठी. पण काम निकृष्ट निघालं म्हणून ही ठेव जप्त करायची तर निकृष्ट होतं असं लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहिणारा तोच ज्याने एमबीवर सही केली.

ठेकेदाराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. बिल वेळेवर मिळत नाही. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यातल्या ठेकेदार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. मंजूर कामं निधीपेक्षा जास्त असली की हे होणारच. पैसे वर्षभराने मिळणार हे गृहीत धरून जो दर भरतो तो महाग ठरतो आणि हरतो. जो गृहीत धरत नाही तो जिंकतो आणि व्याजात बुडतो. शेवटी टिकतो तो ज्याच्याकडे थांबायला पैसा आहे किंवा बिल काढून घ्यायला ओळख आहे. लहान, नेकीने काम करणारा माणूस या धंद्यातून हळूहळू बाहेर पडतो आणि पुढच्या निविदेला स्पर्धक आणखी एकाने कमी होतो. यावर कुठलाही खरेदी नियम काही बोलत नाही, कारण उशिरा पैसे देणारं सरकार हे त्या नियमांच्या लेखी दोषी नसतंच.

सही करणाऱ्याचं गणित

मग अधिकारी डोळ्यांसमोर दिसत असताना एल-वनला नकार का देत नाही? त्याच्या खुर्चीत बसून बघा. एल-वनला काम दिलं आणि रस्ता खराब झाला, तर दोष ठेकेदाराचा, फाइल स्वच्छ. एल-टूला दिलं आणि रस्ता उत्तम झाला, तर लेखापरीक्षणाचा परिच्छेद येणार: जादा खर्च का केला? आणि ती चौकशी निवृत्तीच्या तोंडावर उघडू शकते, जेव्हा पेन्शन अडकते. चांगल्या रस्त्याबद्दल बढती मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. एवढ्या गणितावर कोणीही एल-वनवरच सही करेल, प्रामाणिक माणूस जरा जास्तच घाईने करेल.

मार्च महिन्याचंही तेच. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणं हा आर्थिक शिस्तीचा भंग समजावा, असं जीएफआरमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पण निधी ३१ मार्चला परत जातो, आणि परत गेला की पुढच्या वर्षी 'तुम्हाला खर्च करता येत नाही' म्हणून कमी मिळतो. एक नियम घाई करू नका म्हणतो, दुसरा घाई केली नाही तर शिक्षा करतो. लोक दुसरा पाळतात.

केंद्राच्या वित्त मंत्रालयाला हे उमगलं नाही असं नाही. २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार, विशिष्ट परिस्थितीत बांधकामांनाही दर्जाचे गुण धरायला मुभा मिळाली, मात्र दर्जाचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के. सल्लागार नेमण्यासाठी ही पद्धत आधीपासून होती. मला ही सुधारणा हवीशी वाटते आणि तिची भीतीही वाटते. दर हा आकडा आहे, त्यावर वाद नाही. दर्जाचे गुण कोणीतरी देणार. 'सादरीकरण' या एका शीर्षकाखाली समितीने कोणाला किती दिले, हे विचारायला गेलं तर उत्तर मिळतं की तज्ज्ञांचं मत आहे. मागच्या पाच वर्षांत या ठेकेदाराने केलेली कामं आज कशी आहेत, हे मोजून गुण दिले तर गोष्ट वेगळी. पण तशी नोंद खाती एकत्र ठेवत नाहीत. ज्याला एका जिल्ह्यात काळ्या यादीत टाकलं तो शेजारच्या जिल्ह्यात भावाच्या नावाने उभा राहू शकतो.

आणि कोर्ट? इथे मुंबई विमानतळाचा जुना खटला आठवतो. उपाहारगृह चालवायला निविदा मागवल्या होत्या आणि अट होती की नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक असावा, पाच वर्षांचा अनुभव असावा. काम मिळालं ते कँटीन चालवणाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठणकावून सांगितलं की सरकारने एकदा अट घातली की ती सरकारवरही बंधनकारक आहे, मनाला येईल तेव्हा सोडता येणार नाही. आजही निविदांच्या वादात हाच निकाल पुढे ठेवला जातो. पण त्या खटल्यातलं कंत्राट मात्र न्यायालयाने रद्द केलं नाही. अर्ज उशिरा आला होता, काम घेणाऱ्याचा खर्च होऊन गेला होता. पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने मर्यादा आखून दिली: निर्णय बरोबर की चूक हे न्यायालय बघणार नाही, तो कोणत्या पद्धतीने घेतला एवढंच बघेल. म्हणजे पुन्हा पद्धत, पुन्हा फाइल. ती तर पहिल्यापासून नीटनेटकी असते. आणि नियम कायद्याच्या रूपात नसल्यामुळे सामान्य माणसाला 'हे कलम मोडलं' म्हणून थेट उभं राहायलाही जागा कमी पडते.

तुमच्या गावातल्या एखाद्या कामाचं खरं काय झालं हे बघायचं असेल तर मंजुरीचं पत्र मागू नका, त्यात काही सापडणार नाही. माहिती अधिकारात मागायचे कागद असे: मूळ निविदा आणि सगळी शुद्धीपत्रकं, कोण कशामुळे अपात्र ठरलं त्याचा तांत्रिक छाननीचा तक्ता, एक्स्ट्रा आयटमचे मंजुरी आदेश, मुदतवाढीचे आदेश, एमबीच्या प्रती आणि अंतिम देयक. मग अंतिम देयकातलं प्रत्येक परिमाण निविदेतल्या परिमाणाशेजारी लिहा. ज्या बाबी दुप्पट झाल्या आणि ज्या जवळपास नाहीशा झाल्या, त्यांच्यासमोर ठेकेदाराने भरलेला दर लिहा. हा तक्ता करायला एक दुपार लागते आणि त्यासाठी अभियंता असावं लागत नाही. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदा पोर्टलवर निविदा कोणालाही बघता येते, काम कोणाला मिळालं तिथवरची नोंदही मिळते. त्यापुढचं, म्हणजे परिमाणं किती बदलली आणि शेवटी किती पैसे दिले गेले, ते तिथे नाही. तेवढ्यासाठी दहा रुपयांचा अर्ज करावा लागतो.